चूक कोणाची, हप्ता कोणाचा?

२० डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत तीन नव्या फौजदारी विधेयकांवरील चर्चेला गृहमंत्री अमित शहा उत्तर देत होते, तेव्हा विरोधी बाके बव्हंशी रिकामी होती. दोन्ही सभागृहांतील मिळून एकशे चाळीसहून अधिक सदस्य त्या अधिवेशनात निलंबित झालेले. अशा एकतर्फी शांततेत गृहमंत्र्यांनी एक घोषणा केली. इंडियन मेडिकल असोसिएशनने विनंती केल्यावरून, उपचारातील निष्काळजीपणामुळे रुग्ण दगावल्यास डॉक्टरांना फौजदारी जाचातून सोडविणारी दुरुस्ती सरकार स्वतःहून आणत आहे, असे त्यांनी सांगितले. बाके वाजली आणि दुरुस्ती मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही विधेयकावर मोहोर उमटविली.

प्रत्यक्षात जे कायद्याच्या पुस्तकात उतरले ते घोषणेपेक्षा बरेच आखूड होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. ऑगस्टमधील मूळ विधेयकात तर सात वर्षे होती, संसदीय स्थायी समितीने ती पाचवर आणण्याची शिफारस केली. डॉक्टरांना मिळाले ते एवढेच, की त्यांच्यापुरती मर्यादा पूर्वीप्रमाणे दोन वर्षांची राहिली. हेही काही कमी नाही. परंतु या सवलतीच्या पोटात एक स्पष्टीकरण आहे आणि सारी गोम तिथे आहे. ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खाली मान्य असलेली अर्हता धारण करणारा आणि त्या कायद्याच्या नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेचे नाव या वहीत नसते. तिची वही वेगळी, परिषद वेगळी, कायदाही वेगळा.

म्हणजे १ जुलै २०२४ पासून, संहिता अमलात आल्यानंतर, चित्र असे आहे. डॉक्टराने चुकीचे औषध लिहिले व परिचारिकेने ते न विचारता टोचले, रुग्ण दगावला आणि दोघांवरही निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर लिहिणाऱ्यास कमाल दोन वर्षे आणि टोचणारीस कमाल पाच. न्यायालये व्यवहारात इतकी विषम शिक्षा देतील असे नाही. पण कायद्याने तशी मुभा ठेवली आहे, आणि ती ठेवली जात असताना सभागृहात तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. डॉक्टरांची संघटना दिल्लीत दारे ठोठावू शकते. परिचारिकांच्या संघटना पुष्कळ आहेत, पण त्यांचे बळ राज्याराज्यांत, रुग्णालयारुग्णालयांत विभागलेले आहे.

परिचारिकांनी स्वतःचा व्यावसायिक दायित्व विमा उतरवावा काय, हा प्रश्न गेली काही वर्षे नर्सिंग महाविद्यालयांच्या परिसंवादांतून आणि विमा प्रतिनिधींच्या पत्रकांतून डोके वर काढतो आहे. त्याचे उत्तर शोधताना वरील पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते. कारण विमा पैशाचे दायित्व उचलतो, तुरुंगवासाचे उचलत नाही. भारतात उपलब्ध असलेल्या व्यावसायिक दायित्वाच्या पॉलिसी मुळात डॉक्टर व रुग्णालये यांच्यासाठी घडविलेल्या आहेत. व्यवसाय करताना घडलेल्या चुकीपायी किंवा राहून गेलेल्या कृतीपायी त्रयस्थास द्यावी लागणारी भरपाई आणि दावा लढविण्याचा खर्च त्यातून मिळतो. जाणूनबुजून केलेले कृत्य, नशेच्या अमलाखालील कृत्य, दंड व शिक्षा हे सर्व वगळलेले असते. शिवाय ही पॉलिसी साधारणपणे ‘दावा दाखल होण्याच्या’ तत्त्वावर चालते. चूक घडली तेव्हा विमा होता, पण दावा आला तेव्हा त्याचे नूतनीकरण झालेले नव्हते, तर हाती काही लागत नाही. नोकरी सोडून परदेशी गेलेल्या किंवा लग्नानंतर काही वर्षे घरी बसलेल्या परिचारिकेस हे कलम सर्वांत जड जाते, आणि पत्रकात ते बारीक टाइपात असते.

परिचारिकेला विमा कशाला, तिच्यावर दावा करतो कोण, असा प्रतिप्रश्न अनुभवी वकील करतात. त्यात तथ्य आहे. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून भरपाईचे दावे सरसकट रुग्णालयावर व डॉक्टरावर होत आले. पैसा तिथे असतो, हे त्याचे साधे कारण. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याच्या विधेयकातून सेवेच्या व्याख्येतील ‘आरोग्यसेवा’ हा शब्द गळाल्यावर डॉक्टर सुटले असा समज पसरला होता. तो आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोडून काढला.

स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचा खटला या बाबतीत बोलका आहे. १९९३ च्या अखेरीस विषमज्वराने दाखल झालेल्या एका लहान मुलाला परिचारिकेने नको ते इंजेक्शन शिरेतून दिले. मुलाचे हृदय थांबले. ते पुन्हा सुरू झाले, पण मेंदू कायमचा निकामी झाला. चौकशीत निघाले ते असे, की त्या परिचारिकेची कोणत्याही राज्याच्या परिषदेकडे नोंदणीच नव्हती. राष्ट्रीय आयोगाने मुलाला साडेबारा लाख व आई-वडिलांना पाच लाख रुपये भरपाई ठरविली आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दोष मुख्यतः रुग्णालयाच्या पदरी पडला, कारण अपात्र व्यक्तीच्या हाती मूल सोपविणारे रुग्णालय होते. सुई तिच्या हातात होती, पण ती हातात देणारा मालक वेगळा होता, असे न्यायालयाने म्हटल्यासारखेच झाले. पुढे २००४ मध्ये सविता गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. तक्रारदाराने उपचार करणाऱ्या डॉक्टरला वा परिचारिकांना प्रतिवादी केले नाही एवढ्यावरून तक्रार फेटाळता येणार नाही, आणि हलगर्जीपणा झाला नाही हे दाखविण्याची जबाबदारी रुग्णालयाची, असे त्याने बजावले. रात्रपाळीला कोण होते, कोणी काय दिले, हे रुग्णाच्या नातलगांना कोठून ठाऊक असणार?

सरकारी रुग्णालयांचा पट निराळा आहे आणि दिल्लीतील मराठी वाचकांपैकी अनेकांच्या घरांशी त्याचा थेट संबंध येतो. सफदरजंग, राममनोहर लोहिया, एम्स या संस्थांत महाराष्ट्रातून आलेल्या परिचारिका आहेत. एम्सच्या ‘नॉरसेट’ या सामायिक परीक्षेमुळे देशभरातील उमेदवारांना ही दारे खुली झाली आहेत. येथे सर्वांना विनामूल्य उपचार मिळत असतील तर शांता खटल्यातील कसोटीनुसार ग्राहक कायदा लागत नाही. दिवाणी दावा मात्र लागतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९६३ च्या जुलैत औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात बाळंत झालेल्या एका स्त्रीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेलचा तुकडा राहिला. ती वाचली नाही. सत्र संपताना कापडे मोजणे हे शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेचे नेहमीचे काम असते. परंतु अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तेहतीस वर्षे चाललेल्या त्या वादात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हिशेब सरकारकडून चुकता करविला. नोकराच्या चुकीला मालक उत्तरदायी, आणि तो मालक राज्य असला तरी त्याला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येत नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले.

मग सरकारी परिचारिका निश्चिंत का नाही? कारण तिच्या वाटेतला खड्डा न्यायालयात नसून सेवानियमांत आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ मधील अकराव्या नियमात शिक्षांची यादी आहे. त्यात कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे सरकारला झालेले आर्थिक नुकसान पूर्णतः वा अंशतः वेतनातून वसूल करण्याची शिक्षा ‘किरकोळ’ या सदरात मोडते. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतही हीच तरतूद आहे. शिवाय १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी भरपाई आधी सरकारी तिजोरीतून द्यावी व नंतर दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असा दंडक घालून दिला. सचिवालयात बसणाऱ्यांना हा निकाल पाठ असतो. वॉर्डात उभी असणारी अधिपरिचारिका तो बहुधा वसुलीची नोटीस आल्यावरच वाचते. केस मालकावर चालते, पण मालकाची वजावट शेवटी पगारपत्रकातून होऊ शकते, ही गोष्ट विम्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा खरा आधार आहे.

तरीही गेल्या काही वर्षांत परिचारिकांच्या मनात जी भीती बसली ती पैशाची नव्हे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. चौकशीनंतर कायम सेवेतील मंडळी निलंबित झाली, कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त झाली आणि पुढे दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. निलंबित कर्मचाऱ्यास निर्वाहभत्ता मिळतो. कंत्राट संपलेलीस तोही नाही. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली व अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. पोलिसांनी प्रथम ज्या चौघींना अटक केली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी होत्या आणि तीन परिचारिका. विजेची व्यवस्था, अग्निशमन यंत्रणा, त्यांची तपासणी हे परिचारिकेच्या कर्तव्यसूचीतील विषय नाहीत. पण आगीच्या वेळी पाळीवर कोण होते हे हजेरीपत्रकावरून लगेच समजते, तपासणीची फाइल कोणाच्या टेबलावर अडली होती हे समजायला वेळ लागतो. अटक पहिल्या माहितीच्या आधारे होते. राज्यभर परिचारिकांच्या संघटनांनी त्या वेळी निषेध नोंदविला.

अशा प्रसंगी दायित्वाचा विमा खिशात असता तरी त्याने जामीन मिळत नव्हता. फौजदारी खटल्यातील वकिलाची फी देणारी जोड-तरतूद असेल तर वेगळे, आणि विमा घ्यायचाच तर पहिला प्रश्न तोच विचारायला हवा. डॉक्टरांना याबाबतीत २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाचा आडोसा आहे. ढोबळ निष्काळजीपणा असल्याखेरीज फौजदारी कारवाई नको, आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र व सक्षम वैद्यकीय मत घ्यावे, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हा आडोसा परिचारिकेपर्यंत पोहोचतो की नाही यावर ठाण्याठाण्यांत वेगवेगळी समजूत असते. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये राज्य सरकारला तसेच संरक्षण परिचारिकांना देणाऱ्या सूचना काढण्यास सांगितले. केरळच्या परिचारिका संघटित आहेत. २०१८ साली खासगी रुग्णालयांत वीस हजार रुपयांचे किमान वेतन त्यांनी लढून मिळविले होते. न्यायालयात जाण्याची ऐपत संघटनेतूनच येते.

वेतनाचा विषय निघालाच आहे तर विम्याच्या हप्त्याकडे वळणे भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी वेतनाची बरोबरी करावी, अशी शिफारस केली. केंद्र सरकारच्या रुग्णालयात नव्याने लागलेल्या नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपये आहे. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे तेच विमा परवडण्या न परवडण्याचे अंतर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. ज्या रुग्णालयात रात्रपाळीला एकटीवर अख्खा वॉर्ड सोपविला जातो, तिथे चूक होण्याची शक्यता व्यवस्थापन निर्माण करते. त्या शक्यतेचा हप्ता तिने स्वतःच्या पगारातून भरावा, ही सूचना ऐकायला आधुनिक वाटली तरी तिच्यात उफराटेपणा आहे. शिवाय व्यवस्थापनाला एक सोयही होते. कर्मचाऱ्यांनी आपापला विमा घेतला, की रुग्णालय स्वतःचे संरक्षण कमी करून दावा वाटून घ्यायला मोकळे. आज ज्या परिचारिकेला प्रतिवादी करण्यात वकिलाला स्वारस्य नाही, तिच्या नावे पाच-दहा लाखांची पॉलिसी आहे हे कळल्यावर ते निर्माण होणारच नाही असे कोणी सांगावे?

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितक्याच गांभीर्याने घ्यावा लागेल. परिचारिका आता केवळ आदेश पाळणारी राहिलेली नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांत सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून नेमलेल्यांत नर्सिंगचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. गावात पहिला निर्णय तेच घेतात, डॉक्टर असलाच तर दूरध्वनीवर किंवा पडद्यावर असतो. प्रसूतीसाठी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रसाविका तयार करण्याचे धोरण केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केले. शहरांत ब्युरोमार्फत घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा वर्ग वाढतो आहे. दिल्लीत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या आणि आई-वडील मागे सातारा-सांगलीत असलेल्या कुटुंबांना हा वर्ग चांगला परिचित आहे. या ब्युरोंपैकी कित्येक स्वतःला मालक म्हणवून घेत नाहीत, निव्वळ मध्यस्थ म्हणवतात. वर मालक नाही, रुग्णालयाची पॉलिसी नाही, नोंद करायला दुसरी पाळी नाही. अशा परिचारिकेला स्वतःचा विमा हवाच. राज्यांत वाढत चाललेल्या बाह्ययंत्रणेद्वारे भरतीचेही तेच. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला होता, तेव्हा चर्चा वेतन व सेवाशाश्वतीची झाली. ठेकेदाराने पाठविलेल्या परिचारिकेच्या हातून चूक झाल्यास उत्तरदायी कोण, हा प्रश्न त्या गलक्यात मागे पडला. रुग्णालय ठेकेदाराकडे बोट दाखविणार आणि ठेकेदार करारपत्राकडे.

परदेशाचा दाखला या विषयात हमखास दिला जातो. ब्रिटनमध्ये २०१४ पासून प्रत्येक नोंदणीकृत परिचारिकेकडे दायित्वाचे संरक्षण असणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे गेलेल्या भारतीय परिचारिकांना ही अट ठाऊक असते. पण दाखला देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. राष्ट्रीय आरोग्य सेवेत नोकरी करणाऱ्या परिचारिकेला वेगळी पॉलिसी विकत घ्यावी लागत नाही, मालकाचे संरक्षण हेच तिचे संरक्षण मानले जाते. स्वतंत्र व्यवसाय करणारीला मात्र स्वतः व्यवस्था करावी लागते. ऑस्ट्रेलियातही विमा नोंदणीशी जोडलेला आहे आणि मालकाने दिलेले संरक्षण तिथेही चालते. बंधन व्यक्तीवर, पण भार बहुतांशी मालकावर, ही त्यामागची रचना आहे. आपल्याकडे बंधनही नाही आणि भार कोणावर हे लिहूनही ठेवलेले नाही.

कोविडच्या काळात सरकारने विम्याची तत्परता दाखविली होती, हे विसरून चालणार नाही. मार्च २०२० मध्ये प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजखाली सुमारे बावीस लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचे संरक्षण जाहीर झाले. हप्ता सरकारने भरला. त्या योजनेत परिचारिकेच्या मृत्यूची किंमत ठरली होती. तिच्या हातून होणाऱ्या चुकीची जोखीम उचलण्याचा विचार मात्र तेव्हा झाला नाही व पुढेही नाही.

संधी चालून आली होती. १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा मोडीत काढून राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग स्थापण्याचे विधेयक २८ जुलै २०२३ रोजी लोकसभेत आणि ८ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले. मणिपूरवरून सभागृह पेटलेले, सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव दाखल झालेला. त्या गदारोळात लोकसभेने तीस लाखांहून अधिक परिचारिकांचे भवितव्य ठरविणारे विधेयक आवाजी मतदानाने हातावेगळे केले. आयोगाच्या रचनेत नीतिमत्ता व नोंदणी मंडळ आहे, राष्ट्रीय नोंदवही आहे, गैरवर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई आहे. परिचारिकेच्या चुकीची चौकशी कशी करावी हे कायद्याला ठाऊक आहे. त्या चौकशीत तिच्या बाजूने उभे राहण्याचा खर्च कोण देणार, याबाबत तो मौन पाळतो. डॉक्टरला नोंदवहीतून नाव कमी होण्याची भीती असते तशीच ती परिचारिकेलाही असते, आणि परदेशी नोकरीची वाट नोंदणीच्या स्वच्छ दाखल्यावरूनच जाते.

यावर कायदा न बदलताही तोडगा निघू शकतो. नोंदणीकृत परिचारिका नेमणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने तिच्या नावाने, तिच्या हाती प्रत देऊन, दायित्वाचे संरक्षण घ्यावे. त्यात शिस्तभंगाच्या व फौजदारी कारवाईतील बचावाचा खर्च धरावा, ठेकेदाराकडून मनुष्यबळ घेतल्यास ही अट करारातच घालावी आणि स्वतंत्र काम करणारीला नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी परवडणाऱ्या सामूहिक पॉलिसीत सामावून घ्यावे, असे विनियम आयोगाला करता येतील. सेवेतील परिचारिकेने याखेरीज स्वतःच्या पैशाने पॉलिसी घ्यावी की नाही हा तिचा खासगी निर्णय राहील. घेतलीच तर बचावखर्च, मागील तारखेपासूनचे संरक्षण आणि नोकरी सुटल्यावरची मुदत ही तीन कलमे वाचूनच घ्यावी. कलम १०६ च्या स्पष्टीकरणात परिचर्या नोंदवहीचा उल्लेख घालण्यासाठी मात्र संसदेलाच दुरुस्ती करावी लागेल, आणि तशी मागणी करणारे निवेदन घेऊन गृह मंत्रालयाच्या पायऱ्या चढेल अशी एकमुखी संघटना परिचारिकांपाशी अद्याप नाही.

आयोगांचे विनियम राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात. त्यांत फेरबदल सुचविण्यासाठी सदस्यांना अधिवेशनाचे तीस दिवस मिळतात. लोकसभेत कागदपत्रे पटलावर ठेवण्याची वेळ प्रश्नोत्तराच्या तासानंतर, दुपारी बाराची. त्या वेळी सभागृह एक तर ओरडत असते किंवा रिकामे होत असते, आणि मंत्री उभे राहून कागदाचा क्रमांक वाचतात.